भिलाईच्या उन्हातले बोन्साय

झाडाचे खोड जाड होते ते पानांच्या जोरावर. पाने उन्हात अन्न तयार करतात, ते सालीतून खाली उतरते आणि साल व लाकूड यांच्यामधला पेशींचा पातळ थर त्या अन्नातून नवे लाकूड घालत जातो. पाने जितकी जास्त तितके खोड भरते. बोन्सायच्या कामाचा सगळा क्रम या एका गोष्टीवरून ठरतो. उथळ कुंडीत लावून सतत खुडलेले रोप वर्षानुवर्षे जगते, पण त्याचे खोड पेन्सिलीएवढेच राहते. जाड बुंधा, वर निमुळते होत गेलेले खोड आणि जमिनीला धरून पसरलेली मुळे हवी असतील, तर रोप आधी मोकळ्या जागेत भरपूर वाढवावे लागते, मग कापावे लागते आणि अगदी शेवटी उथळ कुंडीत बसवावे लागते.

झाडाला उपाशी ठेवून बोन्साय करतात, हा समज म्हणूनच खरा नाही. नीट सांभाळलेल्या बोन्सायला खत आणि पाणी भरपूर मिळते. ते लहान राहते ते शेंड्यांच्या छाटणीमुळे आणि दर काही वर्षांनी मुळे कापल्यामुळे. वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात एक जपानी पांढरा पाइन आहे. १६२५ पासून त्याला कुंडीत आकार दिला जात आहे. १९४५ मध्ये हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला तेव्हा तो तिथल्या यामाकी कुटुंबाच्या आवारात होता आणि वाचला. १९७६ मध्ये मासारू यामाकी यांनी तो अमेरिकेला भेट दिला. उपासमार झालेले झाड चारशे वर्षे टिकत नाही.

हवामान आणि पुस्तकांतले वेळापत्रक

बोन्सायवरची बहुतेक पुस्तके थंड हवेच्या देशांत लिहिली गेली. कुंडीतल्या लहान झाडांची कला मूळची चीनची. राजपुत्र झांगहुआय याच्या इ. स. ७०६ च्या थडग्यातील भित्तिचित्रात तबकातला छोटा निसर्गदेखावा घेऊन निघालेले सेवक दिसतात. जपानमध्ये ती कला शिस्तीत बांधली गेली. टोकियोतल्या १९२३ च्या भूकंपानंतर तिथल्या बोन्सायकारांनी ओमिया येथे जागा घेतली आणि १९२५ पासून तिथे बोन्सायचे गावच उभे राहिले. त्या परंपरेतले पाइन, जुनिपर आणि मेपल हिवाळ्यात खरोखर झोपतात. त्यांच्या छाटणीचे, कुंडी बदलण्याचे आणि तार बांधण्याचे महिने त्या झोपेभोवती बेतलेले आहेत.

भिलाईत तसा हिवाळा नाही. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा दहा अंशांच्या आसपास येतो आणि झाडे थोडी मंदावतात, इतकेच. इथे खरा मुक्काम उन्हाळ्याचा. मार्चपासून ऊन चढत जाते, मे महिन्यात दुपारचे तापमान ४४ अंशांच्याही वर जाते आणि कोरडी लू वाहते. जूनच्या मध्याला पाऊस येतो आणि सप्टेंबरअखेरपर्यंत वर्षाचा बहुतेक सगळा पडून जातो. त्या साडेतीन महिन्यांत वड-पिंपळासारखी झाडे अक्षरशः उसळून वाढतात. छत्तीसगडमधल्या बोन्सायचे वेळापत्रक पावसाभोवती बांधावे लागते. जपानी पुस्तकातला महिना जसाच्या तसा उचलला, तर झाड हमखास हातचे जाते.

कोणती झाडे घ्यावीत

नर्सरीत पाहून मोह होतो तो जुनिपरचा. मैदानी उष्ण हवेत मात्र ते काही वर्षे रेंगाळते आणि एखाद्या उन्हाळ्यात आतून वाळून जाते. त्याच्या फांद्या मेल्यानंतरही कित्येक आठवडे हिरव्या दिसतात, त्यामुळे चूक कळेपर्यंत उशीर झालेला असतो. भिलाईच्या घरात सुरुवात करायची ती वडाच्या (फायकस) कुळातल्या झाडांनीच.

या कुळाचे गुण बोन्सायसाठी जणू मुद्दाम घडवलेले आहेत. जुन्या लाकडावर कुठेही कापले तरी नवे डोळे फुटतात. मुळांची मोठी कापणी ती सहन करतात. जखम लवकर भरते, दोन मुळे किंवा दोन फांद्या एकमेकींना घट्ट टेकल्या की कालांतराने एकजीव होतात, आणि दमट हवेत पारंब्या सुटतात. वडाचे पान मात्र मोठे. ते छाटून लहान करता येते, पण बोराच्या पानाएवढे कधीच होत नाही. वडाचे बोन्साय म्हणून दोन-अडीच फुटांच्या आसपास ठेवले की पान आणि खोड यांचे प्रमाण पटते. पिंपळाचेही तसेच. त्याच्या लांब देठांमुळे लहान आकारात तो विस्कटलेला दिसतो. लहान बोन्सायसाठी नांदरूक, म्हणजे नर्सरीतले फायकस मायक्रोकार्पा, सर्वांत सोयीचे. त्याचे पान लहान आणि तकतकीत, वाढ दाट. फुगीर मुळांवर वेगळी पाने कलम केलेले ‘जिनसेंग फायकस’ही याच जातीचे; ते टिकाऊ आहे, पण त्यातून नैसर्गिक आकार काढणे कठीण.

वडाच्या कुळाबाहेरही निवड मोठी आहे. चिंच हळू वाढते, पण तिची बारीक संयुक्त पाने आणि लवकर भेगाळणारी साल यांमुळे लहान झाडही म्हातारे दिसते. बोगनवेल उन्हाला भीत नाही आणि छाटणीला दाद देते. कामिनीला पावसाळ्यात सुगंधी फुले येतात. डाळिंब, करवंद, लिंबू हीदेखील चांगली. अडेनियमचे खोड आपोआप फुगते, म्हणून ते नवख्यांना आवडते; त्याला फांद्यांची बारीक जाळी करता येत नाही, हे ठाऊक असू द्यावे.

आकाराचा नमुनाही जवळचाच घ्यावा. छत्तीसगडमध्ये गावोगावी तलाव आहेत आणि त्यांच्या पाळीवर वड, पिंपळ, चिंच उभी असतात. वडाची फांदी जमिनीला समांतर किती लांब जाते, पारंबी टेकल्यावर तिचा दुसरा बुंधा कसा होतो, जुन्या चिंचेचा घुमट खालून कसा पोकळ दिसतो, हे तिथे उभे राहून पाहण्यासारखे आहे. वडाला बळेच जपानी पाइनच्या पसरट ढगांचा आकार देणे हा त्या झाडावर अन्याय आहे. भारतात ही दृष्टी आता रुजली आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये पुण्यात ‘बोन्साय नमस्ते’ या संस्थेने आंतरराष्ट्रीय संमेलन आणि प्रदर्शन भरवले. उष्ण प्रदेशातली झाडे जगापुढे मांडायला अशा व्यासपीठांचा मोठा उपयोग होतो.

रोप मिळवणे

बियांपासून झाड करता येते. चिंचेसाठी तोच मार्ग बरा. पण वडा-पिंपळाची उत्तम रोपे भिलाईत फुकट उगवलेली असतात. पाखरे फळे खातात, त्यांच्या विष्ठेतून बिया भिंतीच्या फटीत, गच्चीच्या कठड्यावर, सांडपाण्याच्या पाइपाच्या सांध्यात पडतात आणि रुजतात. अशी रोपे इमारतीला घातक म्हणून शेवटी उपटलीच जातात. फटीत अडकल्यामुळे त्यांची मुळे चपटी, वाकडी आणि कित्येकदा कंदासारखी जाड झालेली असतात, आणि बोन्सायला हेच हवे असते. ती काढायची वेळ पहिले दोन-तीन चांगले पाऊस पडल्यावरची. आदल्या दिवशी फट पाण्याने भिजवावी, छिन्नीने भोवतालचा सुटा गिलावा काढावा आणि मुळे ओढण्यापेक्षा आतल्या टोकाला कापावीत. बहुतेक पाने काढून टाकावीत, म्हणजे तुटक्या मुळांवर पाण्याचा भार येत नाही. घर स्वतःचे नसेल तर भिंतीला हात लावण्याआधी विचारणे आलेच.

दुसरा स्रोत जुन्या बोगनवेलींचा. फाटकावरचा किंवा कुंपणावरचा पसारा काढून टाकताना मनगटाएवढा बुंधा सरपणात जातो. तो वीतभर उंचीवर कापून, मुळे आखूड करून मोठ्या कुंडीत लावला तर सहसा फुटतो. बोगनवेलीची मुळे ठिसूळ असतात, त्यामुळे ती हलवताना भोवतालचा मातीचा गोळा फुटू देऊ नये.

तिसरा मार्ग गुटी कलमाचा. मोठ्या झाडावर एखादी वळणदार, जाड फांदी आधीच तयार असते. जूनअखेर किंवा जुलैत तिच्यावर फांदीच्या जाडीच्या दीडपट रुंद सालीचे कडे काढावे, उघडे लाकूड खरवडून त्यावरचा बुळबुळीत थर घालवावा, वरच्या कडेला मुळे फुटण्याची पावडर लावावी आणि ओले स्फॅग्नम मॉस बांधून प्लास्टिकने घट्ट गुंडाळावे. तो बुळबुळीत थर राहिला तर साल पुन्हा जुळते आणि मुळे येत नाहीत. फायकसला महिना-दीड महिन्यात प्लास्टिकमधून पांढरी मुळे दिसू लागतात. गुटीची मुळे चहूबाजूंनी एकाच पातळीवर फुटतात. बोन्सायच्या बुंध्याला याहून चांगली सुरुवात नाही.

खोड भरणे

मिळालेले रोप पहिली काही वर्षे जमिनीत किंवा खोल, रुंद कुंडीत ठेवावे. भिलाईच्या टाउनशिपमध्ये अनेक क्वार्टरांना अंगण आहे. तिथला एक वाफा या कामाला पुरतो. लावण्याआधी सोटमूळ कापावे आणि रोपाच्या खाली एक फरशी किंवा कौल आडवे पुरावे. मुळांना खाली जाता येत नाही, ती आडवी पसरतात आणि बुंध्याशी जाड होतात. वर्षातून एकदा, पावसाच्या तोंडावर, भोवतालची लांब गेलेली मुळे कुदळीने तोडावीत म्हणजे झाड जमिनीशी कायमचे बांधले जात नाही.

या काळात छाटणी टाळावी, हे ऐकायला सोपे आणि पाळायला अवघड आहे. झाड बेढब दिसते, शेंडा डोक्यावर जातो, आणि हात कात्रीकडे वळतो. पण मोकळा सोडलेला तो शेंडाच बुंधा भरत असतो. बुंध्याची जाडी मनासारखी झाली की खोड धाडसाने कापायचे. कापाच्या खाली फुटलेल्या कोंबांपैकी एक निवडून त्याला नवा शेंडा करायचे आणि तोही मोकळा वाढू द्यायचा. तो बुंध्याच्या निम्म्याहून थोडा जाड झाला की पुन्हा कापायचा, या वेळी आधीपेक्षा कमी अंतरावर आणि उलट दिशेच्या डोळ्यावर. असे तीन-चार टप्पे झाले की खोड वर निमुळते होते आणि त्याला वळणेही आपोआप येतात. दक्षिण चीनमधल्या लिंगनान परंपरेत तारेपेक्षा या कापण्या-वाढवण्यावर भर असतो. ती परंपरा उष्ण हवेत वाढली, म्हणून वड आणि बोगनवेल यांना ती जपानी पद्धतीपेक्षा अधिक मानवते. एखाद्या खालच्या ठिकाणीच जाडी हवी असेल, तर तिथली एक फांदी मुद्दाम न छाटता मोकळी सोडावी आणि काम झाल्यावर काढून टाकावी.

वडाच्या कुळातले झाड कापले की पांढरा चीक वाहतो. पाण्याचा फवारा मारला की तो थांबतो. मोठी जखम किंचित खोलगट कोरावी, कडा धारदार सुरीने साफ कराव्यात आणि वर जखमेचा लेप लावावा. खोलगट जखमेवर साल चढते तेव्हा ती सपाट बसते, नाहीतर तिथे कायमचा उंचवटा राहतो.

माती

उथळ कुंडीतल्या मातीचा विचार पाण्यापासून सुरू करावा. पाणी घातल्यावर जास्तीचे निथळते, तरी तळाशी काही सेंटीमीटरचा चिंब पट्टा उरतो. त्या पट्ट्याची उंची मातीच्या कणांच्या जाडीवर ठरते, कुंडीच्या खोलीवर नव्हे. फूटभर खोल कुंडीत तो तळाशी राहतो आणि वरची मुळे श्वास घेतात. पाच सेंटीमीटर खोल ताटलीत बागेतली माती भरली, तर तो पट्टा जवळजवळ सगळी कुंडी व्यापतो आणि मुळे सडतात. तळाला खडी घालून हे सुटत नाही. पट्टा फक्त खडीच्या वर सरकतो आणि मुळांची जागा आणखी कमी होते. उपाय एकच: संपूर्ण मिश्रणच जाड कणांचे करणे.

छत्तीसगडच्या शेतकऱ्याच्या तोंडी मातीची चार नावे आहेत: कन्हार, डोरसा, मटासी आणि भाटा. काळी कन्हार पाणी धरते, सुकली की तडकते. ती बोन्सायला मुळीच चालत नाही. पिवळसर मटासी पाण्याने दबून घट्ट होते. उंचवट्यावरची लाल, खडेदार भाटा जमीन शेतीला हलकी, पण तिच्यातला मुरूम चाळून घेतला तर इथे उपयोगी पडतो. त्याच्या जोडीला भाजलेल्या लाल विटांचे तुकडे. वीट कुटून दोन ते सहा मिलिमीटरचे खडे चाळणीने वेगळे करावेत आणि भुकटी फेकून द्यावी. जपानहून येणाऱ्या महागड्या अकादामा मातीचे काम हे खडे बऱ्याच अंशी करतात: पाणी आत शोषतात आणि खड्यांमधून हवा खेळू देतात. दोन भाग विटेचे खडे, एक भाग मुरूम किंवा धुतलेली जाड नदीची वाळू आणि एक भाग जुने चाळलेले शेणखत किंवा गांडूळखत, हे मिश्रण फायकसला चांगले मानवते. अडेनियमला खत निम्मे आणि खडे जास्त.

भिलाईसारख्या पोलादनगरीत दोन गोष्टींपासून सावध राहावे लागते. बांधकामावर हल्ली सर्रास राखेच्या विटा असतात. त्यांत सिमेंट किंवा चुना असतो. वाळूऐवजी वापरली जाणारी स्लॅगही चुनखडीयुक्त. दोन्हींमुळे माती अल्कधर्मी होते, लोह मातीत असूनही झाडाला घेता येत नाही आणि कोवळी पाने शिरा सोडून पिवळी पडतात. वीट लाल मातीची आणि भट्टीत भाजलेलीच हवी. बोअरच्या जड पाण्यानेही हळूहळू असेच होते. कुंडीच्या कडेला पांढरा थर साचू लागला तर ते ओळखावे, आणि पावसाचे पाणी साठवून अधूनमधून तेच द्यावे.

कुंडी आणि मुळांची कापणी

कुंडीची खोली साधारण बुंध्याच्या जाडीएवढी आणि लांबी झाडाच्या उंचीच्या दोन तृतीयांश, हा जुना संकेत दिसायला चांगला आहे. भिलाईत मात्र खोली थोडी जास्तच घ्यावी, कारण मे महिन्यात उथळ ताटलीतले पाणी दुपारपर्यंत टिकत नाही. छिद्रे मोठी असावीत, त्यांवर नायलॉनची जाळी बसवावी आणि त्याच छिद्रांतून तार ओवून झाड मुळांशी कुंडीला बांधावे. वाऱ्यात हलणाऱ्या झाडाची नवी तंतुमुळे रोज तुटतात. ही बांधणी चुकवू नये.

कुंडी बदलायची वेळ पावसाची. जूनच्या उत्तरार्धात हवा दमट झाली की फायकस बाहेर काढावे, काडीने जुनी माती मोकळी करावी, खाली जाणारी जाड मुळे कापावीत आणि तंतुमुळे ठेवावीत. निरोगी फायकसची निम्मी मुळे गेली तरी चालते. चिंच, कामिनी, डाळिंब यांची एक तृतीयांशाहून जास्त कापू नयेत. ज्यांना हे जमणार नाही त्यांच्यासाठी दुसरी वेळ फेब्रुवारीअखेरची, नवे डोळे फुगतात तेव्हाची. पण मग येणाऱ्या उन्हाळ्यात त्या झाडाला सावली जास्त लागते. मुळे कापली की वरची पानेही तेवढी कमी करावीत. दोन-तीन आठवडे झाड उजेडाच्या पण थेट ऊन नसलेल्या जागी ठेवावे आणि महिनाभर खत देऊ नये. फायकसला दर दोन वर्षांनी आणि जुन्या चिंचेला तीन-चार वर्षांनी हे लागते. पाणी घातल्यावर ते वरच तुंबू लागले, तर वर्ष मोजत न बसता कुंडी बदलावी.

तार, छाटणी, पाने, पारंब्या

तारेने फांदीची दिशा ठरवता येते. तार फांदीच्या जाडीच्या एक तृतीयांश असावी आणि सुमारे ४५ अंशांच्या तिरक्या वेढ्यांनी, सालीला टेकून पण न दाबता बसवावी. एकाच तारेने जवळच्या दोन फांद्या गुंफल्या की एक दुसरीला आधार देते. ॲल्युमिनियमची तार हाताळायला सोपी. जाड फांदीला तांब्याची लागते. ती मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात मिळते. तिच्यावरचा लेप जळेपर्यंत आणि ती मंद लाल होईपर्यंत मोकळ्या हवेत तापवली की मऊ होते, आणि वाकवल्यावर पुन्हा ताठर बनते. बांधकामाची लोखंडी तार स्वस्त आणि हाताशी असते, पण पावसात गंजते आणि सालीवर डाग पाडते, म्हणून ती वापरू नये. वाकवण्याच्या आदल्या दिवशी पाणी थोडे कमी द्यावे. पाण्याने ताठ भरलेली फांदी लवकर मोडते.

इथे पुस्तकातली मुदत पुन्हा फसवते. पाइनवर तार वर्षभर राहू शकते. पावसाळ्यात फायकसची फांदी इतकी झपाट्याने भरते की तार काही आठवड्यांतच सालीत रुतते, आणि तो व्रण वर्षानुवर्षे जात नाही. जुलै-ऑगस्टमध्ये दर आठवड्याला तार पाहावी, रुतू लागताच ती वेढे न उलगडता तुकडे करून कापावी आणि लागल्यास नव्या जागी पुन्हा बांधावी.

बारीक फांद्यांची जाळी चिमटण्यातून तयार होते. कोंबाला सहा-सात पाने आली की दोन-तीन ठेवून पुढचे खुडावे. प्रत्येक खुडण्याबरोबर एका टोकाची दोन टोके होतात. झाडाचा जोर वरच्या टोकांकडे धावतो, म्हणून वरचा भाग जास्त आणि खालच्या फांद्या कमी खुडाव्यात. नाहीतर खालच्या, दिसायला सर्वांत महत्त्वाच्या फांद्या दुबळ्या होऊन मरतात. एकाच जागी फुटलेल्या अनेक कोंबांपैकी दोनच ठेवावेत. तीन-चार राहिले तर तिथे गाठ फुगते.

पान लहान करण्यासाठी वड-पिंपळाची सगळी पाने देठ ठेवून कापतात. देठाच्या बगलेतला डोळा फुटतो आणि नवी पाने संख्येने जास्त, आकाराने लहान येतात. पावसाळ्याच्या तोंडावर हे केले की नव्या पानांना दमट हवा मिळते. हा झाडावरचा मोठा ताण आहे. ज्या वर्षी मुळे कापली त्या वर्षी अशी सगळी पाने काढू नयेत, आणि आजारी झाडाची कधीच नाही.

पारंब्यांना सतत दमटपणा लागतो, त्यामुळे भिलाईत त्यांचा हंगाम जुलै ते सप्टेंबर. फांदीवर मुळाचे टोक दिसले की सरबताची नळी उभी चिरून तिच्यात ओले मॉस भरावे, टोक आत सोडून नळी मातीपर्यंत पोचवावी. टोक मातीत शिरले की पारंबी जाड होऊ लागते. कुठल्या पारंब्या ठेवायच्या हे तेव्हाच ठरवावे. सगळ्या ठेवल्या तर फांद्यांची रेषाच झाकली जाते.

वर्षभराची निगा

मे महिन्यात झाडाला हवेपेक्षा कुंडीच्या तापण्याचा धोका जास्त असतो. गच्चीच्या सिमेंटवर ठेवलेल्या कुंडीची बाजू उन्हाने इतकी तापते की कडेची मुळे भाजतात, आणि पाणी असूनही पाने करपतात. एप्रिलपासून कुंड्या पूर्वेकडे, सकाळचे ऊन आणि दुपारी सावली मिळेल अशा जागी न्याव्यात, वर पन्नास टक्के सावलीची हिरवी जाळी बांधावी आणि कुंडी ओल्या वाळूच्या ट्रेमध्ये ठेवावी. पाणी पहाटे आणि सूर्यास्तानंतर, छिद्रांतून निथळेपर्यंत. गच्चीवरच्या टाकीतले पाणी दुपारी चटका लागेल इतके गरम असते. नळी धरण्याआधी हात लावून पाहावे.

पावसाळ्यात उलट काळजी. झडीच्या दिवसांत कुंडीच्या एका टोकाखाली अर्धी वीट सरकवून ती तिरकी केली की तळाचा चिंब पट्टा एका कोपऱ्यात गोळा होतो आणि बाकीची मुळे मोकळी होतात. हा वाढीचा, म्हणून खताचाही काळ आहे. मोहरीची किंवा शेंगदाण्याची पेंड आठवडाभर पाण्यात आंबवून दहापट पातळ करून पंधरा दिवसांनी द्यावी, किंवा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला एक ग्रॅम. ऑक्टोबरनंतर प्रमाण निम्मे करावे.

किडींमध्ये पिठ्या ढेकूण सर्वांत चिवट. तो देठांच्या बेचक्यात आणि मुळांवरही लपतो. फायकसची कोवळी पाने दुमडून शेंगेसारखी झाली तर आत फुलकिडे असतात. ती पाने तोडून नष्ट करावीत. लिटरभर पाण्यात पाच मिलिलिटर निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण यांची फवारणी संध्याकाळी करावी. उन्हाळ्यात लाल कोळी येतो. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा त्याला पुरेसा होतो. हाच फवारा हिवाळ्यात पानांवर साचणारी कारखानी शहराची धूळ धुण्यासाठीही आठवड्यातून एकदा मारावा.

हिवाळ्यात माती वरून कोरडी दिसेपर्यंत पाणी थांबवावे. अडेनियमची पाने गळली तर घाबरू नये. त्याला फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ कोरडे ठेवावे. दिवाळीत घर आठवडाभर बंद राहणार असेल, तर कुंड्या अंगणातल्या झाडाच्या सावलीत काठापर्यंत ओल्या वाळूत पुराव्यात. गच्चीवर राहणाऱ्यांनी बादलीतून प्रत्येक कुंडीपर्यंत सुती वात आणून तिचे टोक मातीत दोन इंच खोल खोचावे आणि बादली कुंडीच्या पातळीच्या वर ठेवावी. ही सोय निघण्याच्या दोन दिवस आधी करून पाहावी, कारण वातीची जाडी किती लागते हे प्रत्येक मिश्रणात वेगळे असते. मे महिन्यात मात्र वातीवर विसंबू नये. तेव्हा दिवसातून दोनदा पाणी घालणारा शेजारी लागतो.